थोरवे मॅडम आणि निळी राहिलेली नळी

थोरवे मॅडमनी मुलाखतीत मला पहिला प्रश्न विचारला तो असा : "सोडा पितेस का गं?"

मी सगळी उत्तरं इंग्रजीत पाठ करून गेले होते. वाकडहून चाकणपर्यंत कॅबमध्ये बसून ती मनात घोळवत होते. त्यांत सोडा कुठेच नव्हता. मी मान हलवली. ती 'हो' अशी हलली की 'नाही' अशी, हे मला आजही सांगता येणार नाही. मॅडमनी ती 'हो' अशी धरली आणि मला थेट लॅबमध्ये नेलं. तिथल्या फ्रिजवर खाण्यापिण्याचे पदार्थ आत ठेवू नयेत अशी इंग्रजी पाटी होती आणि आत चौकातल्या पानटपरीवरच्या साध्या सोड्याची काचेची बाटली.

"हा प्यायचा न्हाई, कामाचा हाय," माझी नजर ओळखून त्या म्हणाल्या. "प्यायचा असंल तर येगळा आणायचा."

बर्फात दोन काचेच्या नळ्या उभ्या होत्या. दोन्हींत निळं पाणी. एका नळीत त्यांनी इवल्याशा कुपीतून थेंबभर काहीतरी सोडलं. मग दोन्हींत गार सोडा ओतला. थेंबवाली नळी पापणी लवायच्या आत पिवळी झाली. दुसरी निळीच राहिली, मग जरा हिरवट झाली, आणि शेवटी नाइलाज असल्यासारखी सावकाश पिवळी झाली.

"काय झालं?"

हे मला येत होतं. सोड्यातला वायू पाण्यात मिसळून आम्ल तयार होतं, आम्लानं रंग बदलतो, आणि कुपीतलं कार्बोनिक अनहायड्रेज नावाचं एन्झाइम ते काम प्रचंड वेगानं करतं, असं मी इंग्रजीत सांगून टाकलं.

"ते बरोबर. ते पुस्तकात हाय. तुला काय वाटलं ते सांग."

नोकरीच्या मुलाखतीत असं कुणी विचारेल याची मला कल्पना नव्हती. त्यामुळे खरं ते तोंडातून गेलं. "दुसऱ्या नळीची दया आली."

मॅडम मोठ्यानं हसल्या. "ये सोमवारपास्नं," म्हणाल्या.

आमची कंपनी म्हणजे चाकण एमआयडीसीतल्या दोन शेड. एका बाजूला गाड्यांचे पत्रे दाबणारा प्रेस, दुसऱ्या बाजूला खोके बनवणारा कारखाना. मधे आम्ही माणसाची एन्झाइम्स बनवत होतो. माणसाच्या शरीरातून ती काढायची नाहीत. माणसाचा तेवढा जीन जिवाणूंच्या पोटात घालायचा, जिवाणू वाढवायचे, आणि त्यांनी बनवलेलं एन्झाइम त्यांना फोडून वेगळं करायचं. मग ते कुप्यांत भरून देशभरच्या प्रयोगशाळांना पाठवायचं. प्रत्येक कुपीवर लिहिलेलं असे, 'फक्त संशोधनासाठी'. शेजारचा प्रेस धाड्‌कन खाली आला की आमच्या कुप्या रॅकमध्ये किणकिणत. माझ्या लक्षात आलं होतं की मॅडम त्या आवाजानं कधीच दचकत नाहीत. फक्त पिपेट हातात असला तर दोन दणक्यांच्या मधली वेळ साधून थेंब सोडतात.

मॅडम पन्नाशीच्या. ठेंगण्या, रुंद, केसांचा घट्ट अंबाडा, साडीवर पांढरा कोट आणि कोटाच्या खिशात कायम एखादा कांदा नाहीतर शेंगा नाहीतर मेथीची काडी. चाकणजवळच्याच गावच्या. घरची जमीन अर्धी एमआयडीसीत गेलेली, उरलेल्या अर्धीत कांदा. नवरा टेम्पो चालवायचा. मॅडमचं एम.एस्सी. होतं आणि लस बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत बरीच वर्षं गेली होती. मीटिंगमध्ये त्या शुद्ध, जपून बोलत. पण एखाद्या गोष्टीचं कुतूहल वाटलं की भाषा कोट काढून ठेवल्यासारखी मोकळी व्हायची. 'नाही'चं 'न्हाई' झालं की मी समजायचे, मॅडमना काहीतरी सापडलंय.

त्यांचा शब्द होता 'का बरं?'. तो त्या कुणालाही, कशाबद्दलही विचारत. कॅन्टीनच्या मावशींना, "आज पोळ्या एका बाजूनंच फुगल्यात, का बरं?" मला, "तू मोबाइल नेहमी उलटा ठेवतेस, का बरं?" मला अशा प्रश्नांची सवय नव्हती. आमच्या घरी कुणी कुणाला फारसं विचारत नाही. सुरुवातीला मला वाटायचं, या बाई चौकशा करतात. मग कळलं की त्यांना उत्तराशी काम असायचं, माझ्याशी नाही; आणि त्यामुळेच मला त्यांच्यासमोर बोलता यायला लागलं.

एकदा आम्ही भोसरीहून सामान घेऊन कंपनीच्या गाडीतून परतत होतो. मोशीच्या पुढे ट्रॅफिक थांबलं. ड्रायव्हर सचिनभाऊंनी इंजिन बंद केलं. मॅडमनी दार उघडलं.

"कुठं निघाल्या मॅडम?"

"बघून येते, का आडकलंय ते."

"अहो, रोजच आडकतंय! त्यात काय बघायचं?"

"रोजचं येगळं, आजचं येगळं." आणि त्या साडी सावरत गाड्यांच्या मधून दिसेनाशा झाल्या. थोड्या वेळानं रस्ता मोकळा झाला. मागून हॉर्न सुरू झाले. सचिनभाऊंनी गाडी कडेला घेतली आणि कपाळाला हात लावला. "ही बाई एक दिवस माझी नोकरी घालवणार, ताई." तेवढ्यात पुढून एक मोटारसायकलवाला आला आणि त्याच्या मागं मॅडम. पवनचक्कीचं पातं नेणारा लांबलचक ट्रेलर वळणावर अडकला होता. त्याच्या मागच्या चाकांना वेगळं वळवता येतं, आणि ते वळवणारा माणूस हातात रिमोट घेऊन पायी चालत येतो, ही बातमी घेऊन त्या आल्या होत्या. "एवढं मोठं पातं, आन् त्यो माणूस पोराच्या खेळण्यातल्या गाडीवानी वळवतोय! मला धरू दिला रिमोट."

"चालवला?" सचिनभाऊ घाबरून म्हणाले.

"न्हाई. नुसता धरला."

एन्झाइम म्हणजे काय ते त्या कांद्यावरून सांगायच्या. कुणी पाहुणे आले, शेजारच्या प्रेसमधले कुणी उत्सुकतेनं डोकावले, की खिशातला कांदा निघायचा. "हा हुंगा. येतंय डोळ्यांत पाणी? न्हाई. आता चिरा. आलं? कांद्यात दोन गोष्टी येगळ्या खोल्यांत ऱ्हात्यात. सुरी भिंत पाडती, दोघी भेटत्यात, आन् रडायचं तुम्ही. त्यातली एक एन्झाइम." प्रेसमधला एक फोरमन म्हणाला होता, "म्हणजे सासू-सून म्हणा की मॅडम." मॅडमनी त्यावर खरोखर विचार केला. "न्हाई, एन्झाइम स्वतः बदलत न्हाई. सासू बदलती कधीकधी."

त्यांचं कुतूहल उदार होतं, पण एका ठिकाणी त्या कडक होत्या. कार्बोनिक अनहायड्रेज बनवायची कृती त्यांची स्वतःची होती. मागेल त्या कॉलेजला त्या ती फुकट देत. सरांना, म्हणजे आमच्या मालकांना, ते आवडत नसे. पण कृती घेणाऱ्यानं ती तशीच्या तशी पाळली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. मराठवाड्यातल्या एका कॉलेजात संशोधन करणाऱ्या मनीषा नावाच्या मुलीचे त्या काळात फोन येत. मॅडम फोन स्पीकरवर टाकून काम करायच्या, त्यामुळे मलाही ऐकू यायचं. बोलणं बहुधा जेलबद्दल असे, म्हणजे प्रथिनं वजनानुसार वेगळी करून दाखवणारा पातळ थर; त्यावर प्रत्येक प्रथिनाचा एक पट्टा उमटतो.

"मॅडम, जेलवर पट्टा तर एकदम स्वच्छ दिसायलाय. वजन बी बरोबर हाय. पण सोडा टाकला की नळी निळीच राहायलीय."

"पट्टा दिसतोय म्हणजे प्रथिन आहे. प्रथिन आहे तर काम करणारच."

"करंना गेलंय ना मॅडम."

"मग कुठेतरी घाण जातेय. सगळं पुन्हा स्वच्छ धू. हात स्वच्छ ठेव, पाणी स्वच्छ ठेव. माझ्याकडे आजवर एकदाही असं झालेलं नाही."

हे शेवटचं वाक्य खरं होतं. मनीषाचे फोन हळूहळू थांबले.

पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत कंपनीत डागडुजी झाली. शेडला रंग लागला, टाकी बदलली. सुट्टीनंतर आम्ही एन्झाइमचा नवा घाणा काढला. मॅडम प्रत्येक खेपेला 'घाणा' म्हणत. जेलवर पट्टा आला, देखणा, एकटा. मॅडमनी दोन नळ्या बर्फात ठेवल्या, थेंब सोडला, सोडा ओतला.

दोन्ही नळ्या निळ्या राहिल्या. थेंबवालीही दुसरीइतकीच सावकाश पिवळी झाली.

मॅडमनी सोड्याची बाटली उजेडात धरली. नवी आणली. तेच. पुन्हा जिवाणू वाढवले, पुन्हा तेच. त्या दिवसांत मॅडमनी एकेक गोष्ट पालथी घातली. जिवाणू जुने झाले असतील, फ्रीझर बंद पडून गेला असेल, रसायनाची नवी बरणी खोटी असेल. प्रत्येक वेळी पट्टा सुंदर आणि नळी निळी. एन्झाइम डोळ्यांसमोर होतं, हवं तेवढं होतं, आणि काही करत नव्हतं.

ऑर्डरी अडल्या. सर लॅबमध्ये आले. सर वाईट माणूस नव्हते. आवाज न चढवता बोलत, आणि त्यामुळे त्यांचं बोलणं जास्त जड वाटे.

"वैजयंताबाई," ते मॅडमना म्हणाले, "बाहेरून तयार एन्झाइम मिळतंय. आपण कुप्या भरू, लेबल आपलं लावू. या महिन्याअखेर मला तो करार करायचाय. या खोलीत मग किट पॅकिंग बसवता येईल."

"आणि गिऱ्हाइकानं विचारलं, की हे असं का वागतंय, तर आपण काय सांगायचं?"

"कोण विचारतंय?"

"मी विचारते, सर."

सर हसले, पण मॅडम हसल्या नाहीत. खोली गेली तर त्यांना क्वालिटीच्या टेबलावर कागद तपासायला बसवणार, हे सगळ्यांना माहीत होतं. तिथं बसून 'का बरं' विचारायला जागा नव्हती. त्या दिवशी कोटाच्या खिशातली मेथी तशीच सुकून गेली.

त्या आठवड्यात एका दुपारी आम्ही कॅन्टीनमध्ये चहा पीत होतो. समोर सचिनभाऊ आणि स्टोअरचे दोघे. सचिनभाऊंनी घोट घेतला आणि मावशींना म्हणाले, "मावशी, दिवाळीपासून तुमच्या हाताला चव आली राव. आधी चहा पिला की तोंडात खिळा ठेवल्यासारखं लागायचं."

"माझा हात त्योच हाय," मावशी म्हणाल्या. "त्वांड सुधारलं असंल तुमचं."

सगळे हसले. मॅडमचा कप ओठांपाशी थांबला.

"का बरं?"

"काय का बरं?"

"खिळ्याची चव का गेली?"

"टाकी बदलली ना मॅडम," स्टोअरमधला एकजण म्हणाला. "अन् पाइप पण. जुना जीआय पाइप काढून प्लास्टिकचा टाकला. बोअरचं पाणी तेच आहे."

मॅडमनी कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा मी पाहत होते. त्यावर आनंद नव्हता. काहीतरी उलगडत होतं आणि त्याच वेळी दुखत होतं, असं काहीसं. लॅबमध्ये आल्यावर त्यांनी फोन काढला आणि सवयीनं स्पीकरवर टाकला.

"मनीषा, थोरवे बोलतेय, चाकणहून. ओळखलंस का?"

"व्हय मॅडम. बोला की."

"तू जिवाणू वाढवायला पाणी कुठलं घ्यायचीस?"

"डिस्टिल्ड, मॅडम. आधी नळाचं घेत होते, तवा जरा तरी लवकर पिवळं व्हायचं. तुमीच म्हणालात पाणी स्वच्छ ठेव म्हणून. मग पार बंदच पडलं."

मॅडमनी डोळे मिटले.

आमच्याकडे एक रीत होती. एन्झाइम शुद्ध करताना अतिशुद्ध पाणी. पण जिवाणू वाढवायला बोअरचं, गाळून उकळलेलं. अतिशुद्ध पाणी तयार करायचं यंत्र लहान होतं, तेवढं पुरायचं नाही, म्हणून मॅडमनीच ही रीत पाडलेली. कृतीत मात्र नुसतं 'पाणी' एवढंच होतं. या एन्झाइमच्या पोटात जस्ताचा एकच अणू असतो आणि सगळं काम तो करतो. तो नसेल तर एन्झाइम दिसतं तसंच, वजनही जवळपास तेवढंच, पण हात बांधलेलं. जिवाणूंच्या खुराकात जस्त असतं, पण थोडं. आमच्या जिवाणूंना उरलेलं जस्त इतकी वर्षं त्या जुन्या लोखंडी पाइपवरच्या जस्ताच्या मुलाम्यातून मिळत होतं.

"तुम्हांला माहीत होतं ना, त्यात जस्त लागतं ते?" मी विचारलं. माझ्याच्यानं राहवलं नाही.

"माहीत होतं म्हणजे? कॉलेजच्या पोरांना मीच सांगते." त्या स्टुलावर बसल्या. "चालत होतं ना पोरी. बिघडलेल्या गोष्टीला मी शंभरदा 'का' म्हणलं असंल. जे चाललंय त्याला कधी म्हणलंच न्हाई."

मग त्यांनी मला सोडा आणायला पाठवलं. मी अशा टपरीवर एकटी कधी गेले नव्हते. तिथं शिफ्ट सुटलेली दहा-बारा माणसं उभी होती. "साधा सोडा. एकदम थंड. उघडू नका," मी म्हणाले, फार हळू, मग पुन्हा मोठ्यानं.

"उघडल्याबिगर काय करताव ताई?" टपरीवाल्यानं विचारलं. "बघत बसताव का?"

"हो," मी म्हणाले. सगळे हसले, आणि मलाही हसू आलं.

मॅडमनी फ्रीझरमधल्या त्या सगळ्या निकामी घाण्यांच्या कुप्या बाहेर काढल्या. जस्ताच्या क्षाराचं पाणी केलं आणि एका कुपीत त्याचा थेंब टाकला. थोडा वेळ थांबलो. शेजारी प्रेस पडत होता. दोन दणक्यांच्या मधे त्यांनी नळीत थेंब सोडला आणि सोडा ओतला.

नळी पिवळी झाली. इतक्या पटकन, की मला आधी वाटलं ती निळी नव्हतीच.

सरांच्या केबिनमध्ये मॅडमनी तेच पुन्हा करून दाखवलं. एक नळी निळी, एक पिवळी, आणि टेबलावर भंगारातून शोधून आणलेला जुन्या पाइपचा वीतभर तुकडा. सरांनी तो उचलून पाहिला.

"म्हणजे तुमच्या रेसिपीतच चूक होती."

मला वाटलं, मॅडम काहीतरी बाजू मांडतील. त्या म्हणाल्या, "व्हय सर. अर्धी रेसिपी माझी होती. अर्धी या पाइपची. मला वाटायचं सगळी माझीच हाय."

सरांनी नळ्यांकडे पाहिलं, मग करार बाजूला सरकवला. "खोली ठेवा," म्हणाले. "आणि हे भंगार टेबलावरून उचला."

मॅडमनी तो तुकडा लॅबमधल्या खिडकीत ठेवला. पण त्यांचं मन भरलेलं नव्हतं, हे मला दिसत होतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कृती घेतलेल्या एकेका कॉलेजला फोन लावायला सुरुवात केली. प्रत्येकाला तेच सांगायचं, त्याच सुरात : जस्त घाला, मी लिहिलं नव्हतं, चुकले. मनीषाला पुन्हा फोन त्यांनी सगळ्यांत शेवटी केला. मला वाटतं, त्यांना तोच जड जात होता.

"आता काय करतेस?"

"शाळेवर हाय मॅडम. आठवीला विज्ञान. ते पीएचडीचं काम सुटलं. गाईड म्हणले, विषय चालंना गेलाय."

मॅडमनी हातातला पिपेट खाली ठेवला.

"तुझं चुकलं नव्हतं, मनीषा. तुझा हात चांगला होता. तू जितकं स्वच्छ केलंस, तितकं ते मेलं. माझ्यामुळं."

"असू द्या मॅडम," पलीकडून आवाज आला. "पण मग व्हायचं कसं ते झटक्यात पिवळं? मला एकदा तरी बघायचं होतं."

नवा घाणा निघाला. त्याची पहिली कुपी मॅडमनी ऑर्डरीत घातली नाही. सरांना विचारून ती बाजूला ठेवली. त्यानंतर काही दिवसांतच मी ती नोकरी सोडली. पुढच्या शिक्षणासाठी मला प्रवेश मिळाला होता. माझ्या शेवटच्या दिवशी मॅडम ती कुपी बर्फाबरोबर थर्मोकोलच्या खोक्यात बसवत होत्या. सोबत निळ्या पाण्याची बाटली आणि जुन्या पाइपचा कापलेला एक छोटा तुकडा.

"शाळेत पाठवताय?" मी लेबलाकडे बोट दाखवलं. 'फक्त संशोधनासाठी'.

"आठवीची पोरं 'का बरं' म्हणणार न्हाईत, असं वाटतं तुला?" त्यांनी खोक्याला चिकटपट्टी लावली, आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तू जातीयस म्हणं. फोन करत जा. बोलायला काय न्हाई सुचलं तर नुसतं काय बघितलंस ते सांग."

मी हो म्हणाले.

संध्याकाळी कंपनीची बस तळेगाव चौकात नेहमीसारखी अडकली. मी खिडकीत होते. खाली गाड्यांच्या गर्दीत मला मॅडमची स्कूटर दिसली. पायांपाशी ते पांढरं खोकं, दोन्ही पावलांनी घट्ट धरलेलं. कुरिअरच्या दुकानाकडे निघाल्या होत्या; बर्फ वितळायच्या आत पोचायला हवं होतं. शेजारी एक टँकर उभा होता आणि मॅडम मान वर करून, हेल्मेटची काच उघडून, त्याच्या ड्रायव्हरला काहीतरी विचारत होत्या. ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर वाकून, हातवारे करून सांगत होता. मला ऐकू काही येत नव्हतं. सिग्नल सुटला. मागच्यांनी हॉर्न वाजवले. मॅडमनी त्याला हातानं 'थांब, थांब, पुढं सांग' अशी खूण केली, आणि मग एकदम खोक्याकडे पाहिलं.

उत्तर अर्धं टाकून त्या निघाल्या. त्यांना असं करताना मी पहिल्यांदाच पाहत होते.